चव्वेचाळीस बरण्या

‘मेले,’ भीमराज म्हणाला.

एवढा एकच शब्द, आणि तोही त्याने ठरवून उच्चारलेला नव्हता. सरांनी विचारलं आणि तो तोंडातून घरंगळला. नोव्हेंबरातला सोमवार, सकाळचे साडेनऊ. चार दालमिलवाल्या व्यापाऱ्यांनी मिळून गुलबर्ग्याबाहेर जी लहानशी संशोधन संस्था काढली होती, तिच्या मागच्या अंगाच्या थंड खोलीत डॉ. गुरुशांतप्पा चपला बाहेर काढून अनवाणी उभे होते. समोर मांडणीवर ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात चाळीस बरण्या. प्रत्येक बरणीत तुरीच्या पेशींचा बोराएवढा गोळा, आणि चाळीसच्या चाळीस गोळे हिरवे, टवटवीत. दोन वर्षं ह्या मांडणीवर मरणाशिवाय दुसरं काही उगवलं नव्हतं. दर तीन आठवड्यांनी गोळे तपकिरी पडायचे, त्यांना पाणी सुटायचं, आणि शिष्यवृत्तीवर सरांच्या हाताखाली संशोधन करणारा भीमराज मुकाट्याने बरण्या धुऊन पालथ्या घालायचा. आज सर एकेक बरणी उचलून डोळ्यांपाशी नेत होते, खाली ठेवत होते, पुन्हा तीच उचलत होते. ‘आरं, जगले की रे सगळे!’ असं ते भालकीकडच्या मराठीत तीनदा म्हणाले. मार्चमध्ये अठ्ठावन्न पुरी होऊन घरी बसणारा माणूस, पण आवाज लेकराचा झाला होता. मग त्यांच्यातला जुना मास्तर जागा झाला. बरणी हातात तशीच धरून त्यांनी मान वळवली. ‘आन् साधे तुकडे ठेवलेलास न्हवं ह्याच्यासंगं? त्यांचं काय झालं?’ आणि भीमराज म्हणाला, मेले.

‘मग झालं तर!’ सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दारात बंडेप्पा उभा होता. संस्थेचा शिपाई म्हणा, झाडूवाला म्हणा, राखणदार म्हणा, सगळं तोच. सात वर्षं हंगामी म्हणून राबत होता. ‘मी म्हणलं न्हवतं का सर? औंदा पूजा पावली बघा,’ तो म्हणाला. सर हसले. ‘पावली बाबा, पावली. मी जायच्या आदी तुझी कायमची आर्डर काढून ठिवतो. जा, पेढे घिऊन ये आदी.’ बंडेप्पा धावतच गेला. पेढा आला, भीमराजने तो तोंडात टाकला, आणि खोटं कशाला सांगा, त्याला तो गिळवेना. जिभेवर त्याचा लगदा होऊन राहिला. शेवटी नळावर जाऊन त्याने चूळ भरली आणि मोरीत गोल फिरणारा पांढरा गढूळ ओघ तो बघत राहिला.

साधे तुकडे म्हणजे काय, हे इथे सांगून टाकायला हवं, कारण भीमराजची गोष्ट त्यातच अडकली होती. तुरीच्या पेशीत एक परकं जनुक घालायचं. हजारांत एखादीत ते रुजतं, आणि कुठलीत रुजलं हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सगळ्यांनाच विष पाजायचं. फ्लिओमायसिन नावाचं निळसर औषध असतं, ते बरणीतल्या जेलीत मिसळलं की ज्यांच्यात ते जनुक नाही त्या पेशी मरतात आणि ज्यांच्यात आहे त्या उरतात. ह्यालाच निवड म्हणायचं. आज हे साधं जनुक रुजलं तर उद्या त्याच वाटेने तुरीच्या मर रोगाला अडवणारं जनुक घालता येईल, असं सरांचं वीस वर्षांचं स्वप्न होतं. पण सोबत चार बरण्यांत साधे, काहीही न घातलेले तुकडे ठेवायचे असतात, आणि ते मेलेच पाहिजेत. ते मेले तर औषध खरं. दालमिलमधल्या हमालालासुद्धा कळतं की चाळणीवर एकही खडा उरत नसेल तर माल चोख आहे असं नव्हे, चाळण फाटली आहे. चाळीसांत एखादा गोळा जगला असता तर भीमराज नाचला असता. चाळीसच्या चाळीस जगले म्हणजे चाळण फाटली होती. आणि ते चार साधे तुकडे ह्या खेपेला त्याने ठेवलेच नव्हते. वहीत एक्केचाळीस ते चव्वेचाळीस असे आकडे घातले होते आणि पुढे जागा कोरी सोडली होती. जेली कमी पडली, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. जेली कमी पडली नव्हती. भांडंभर उरली होती, आणि ती त्याने ह्याच मोरीत ओतून दिली होती.

कामून ओतलीस? हा प्रश्न तो त्या दिवशी दुपारभर स्वतःला विचारत बसला, आणि उत्तर त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. औषध कसं राखायचं हे त्याच्याइतकं चोख त्या संस्थेत कुणालाच येत नव्हतं. हैदराबादला तीन आठवडे राहून तो ते शिकून आला होता. आधीचं औषध संपल्यावर ह्या दसऱ्याच्या तोंडावर सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून एकच नवी कुपी पाठवली होती; तिच्यातली भुकटी त्याने स्वतः शुद्ध पाण्यात विरघळवली, गाळली, आणि बोटाएवढ्या तीस नळ्यांत वाटून ठेवली. एक नळी, एक वापर. वितळली की वापरायची, उरलं तर फेकायचं, पुन्हा गोठवायचं नाही. उजेडाने औषध मरतं म्हणून प्रत्येक नळीला काळा कागद. उष्णतेने मरतं म्हणून शून्याच्या खाली वीस अंशांवर. प्रत्येकीवर तारीख, आकडा, त्याची बारीक सही. घरी माय बियाणं राखेत घालून, वर फडकं बांधून ठेवायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो शांतपणा असायचा तो ह्या कामात त्याला मिळायचा. जगात एवढी एक गोष्ट आपण नीट करतो, असं त्याला वाटे. गंमत अशी की हे औषध मेलं तरी त्याचा रंग जात नाही. जिवंत असताना निळं, मेल्यावरही निळं.

पेढ्यांच्या सोमवारआधी जवळजवळ चार आठवड्यांवर खंडेनवमी होऊन गेली होती. त्या मुलखात खंडेनवमीला मोटारीपासून शिलाई मशिनीपर्यंत सगळ्याला अंघोळ घालतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. राबणाऱ्याला एक सुट्टी. संस्थेतही ते होई. दालमिलवाले ट्रस्टी येत, दारात कोहळा फुटे, फळ्याजवळच्या बसवेश्वरांच्या तसबिरीला हार चढे, बंडेप्पा ताट घेऊन सूक्ष्मदर्शकापासून पंख्यापर्यंत सगळ्यांना टिकल्या लावत फिरे. मागच्या वर्षी तो ताट घेऊन भीमराजसमोर आला होता, आणि भीमराजचं कपाळ आपसूक मागे गेलं होतं. मुद्दाम नव्हे. लहानपणापासून ते कपाळ कोरं होतं, म्हणून. बंडेप्पा बोट ताटालाच पुसून पुढे गेला. पण खुर्चीवर बसलेला एक ट्रस्टी शेजारच्याला कानडीत म्हणाला, ह्यांनी देव फेकून दिले, खुर्ची मात्र आपल्यातली पाहिजे. आणि दोघेही हसले. भीमराजला कानडी मराठीइतकीच येत होती, हे त्यांना ठाऊक नसावं, किंवा असावं. सरांनी मान खाली घालून चष्मा पुसला होता. त्या दिवशी भीमराजने मनाशी गाठ बांधली, की ह्यांच्या पूजेच्या वाटेला पुन्हा म्हणून जायचं नाही. हो म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही.

तर ह्या वर्षी तो नवमीलाच दुपारच्या गाडीने गावी निघाला होता. दसऱ्याला मादन हिप्परग्याच्या विहारात धम्मदिनाचा कार्यक्रम, माय वाट बघत असणार. खांद्याला पिशवी लावून तो कुलपाची किल्ली द्यायला आत आला तर बंडेप्पा बादली घेऊन डीप-फ्रीझरसमोर उकिडवा बसलेला. फ्रीझरचं दार सताड उघडं. बटण बंद. बर्फाचे पापुद्रे फरशीवर गळत होते. आणि तीस नळ्यांचं स्टँड पश्चिमेच्या खिडकीत, झेंडूच्या ढिगाशेजारी उन्हात ठेवलेलं. ओले झाले म्हणून काळे कागद सोडवून दोरीवर वाळत घातलेले.

‘काय करायलास बंडेप्पा अण्णा?’

‘धुऊन पुसून घ्यायलोय साहेब. आता दोन दिस हिला बी सुट्टी. वर्षभर गुरगुर करतीय बिचारी. कामून?’

तेव्हा तोंड उघडलं होतं. अगदी उघडलं होतं. ह्याला सुट्टी देऊ नको, त्या नळ्या आत ठेव, बटण लाव, एवढी तीन वाक्यं जिभेवर तयार होती. पण बाहेर अंगणात ट्रस्टींची गाडी येऊन थांबली, दार लावल्याचा आवाज आला, कुणीतरी कानडीत मोठ्याने हसलं, आणि भीमराजला दिसलं की आता आपण बोललो तर बंडेप्पा सरळपणाने विचारणार, मग हिची पूजा करू नको म्हणता का? आणि ते विचारणं बाहेर ऐकू जाणार. काय न्हाई, असं भीमराज म्हणाला. पिशवी सावरून तो बाहेर पडला. बसमध्ये बसल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली, अर्ध्या तासात ठेवील तो परत. आळंद येईपर्यंत समजूत पुरली. शनिवारी तो परतला तेव्हा फ्रीझर गुरगुरत होता, दाराच्या मुठीवर कुंकवाचं बोट होतं, नळ्या टणक गोठलेल्या, काळे कागद गुंडाळून ओळीत उभ्या. एकही इकडची तिकडे नाही. त्याने बंडेप्पाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बंडेप्पा खरं सांगून मोकळा झाला असता. सोमवारी त्याने त्याच नळ्या वितळवून चाळीस बरण्या भरल्या, आणि साध्या तुकड्यांची जेली मोरीत ओतली.

पेढ्यांच्या त्या सोमवारी दुपारी सर जेवायला गेल्यावर त्याने चार साधे तुकडे त्याच औषधाच्या जेलीत ठेवले. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. बरण्या मांडणीच्या सगळ्यांत खालच्या फळीवर, मागे, खोक्याआड. औषध जिवंत असेल तर तीन आठवड्यांत ते मरतील, आणि मग तो बोललेला शब्द खरा होईल. थोडा आधी बोलला गेला एवढंच. माणूस कशाकशाची आशा धरतो बघा. रोज सकाळी तो पालथा पडून खोक्यामागे हात घालायचा आणि चार गोळ्यांच्या मरणाची वाट बघायचा. सहाव्या दिवशी त्रेचाळीसची कड किंचित पिवळसर वाटली तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला. सातव्या दिवशी ती पुन्हा हिरवी होती, की आधीचाच उजेडाचा खेळ होता, कोण जाणे. तिकडे सरांचा दिवस पहाटेपासून सुरू व्हायचा. आठ डिसेंबरला बेंगळूरला मोठी परिषद होती. सर टंकलेखन यंत्रावर स्वतः बडवत बसत, मधूनच हाक मारत, ‘भीमराज, तुझं नाव माझ्या शेजारी टाकलोय बघ, खाली न्हाई.’ एकदा त्यांनी साध्या तुकड्यांच्या रकान्यात ‘चारपैकी चार मृत’ असं टंकलं, आणि तो कागद वाचायला त्याच्या हातात दिला. भीमराजने एक स्पेलिंग दुरुस्त करून परत दिला.

मधल्या रविवारी तो गावी गेला. बसच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांवर आली होती, आणि मधेमधे मर लागलेली झाडं उभ्या उभ्या वाळलेली. माय, सुभद्राबाई, अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. त्याला बघून तिने नुसतं सरकून जागा केली. शेंगा फोडता फोडता त्याला धाकटी बहीण शेवंता आठवली. खरं म्हणजे ती पंधरा दिवस डोक्यातच होती. तो सात वर्षांचा आणि ती पाचची. चैत्राचं ऊन. त्याच्या दोन वर्षं आधी बाप, नरसिंग, पाटीत घरचे देव भरून ओढ्यात सोडून आला होता. शेवंताच्या छातीत कफ झाला, ताप उतरेना, म्हणून बाबूलाल कंपाउंडरकडे नेली. पत्र्याच्या खोलीत त्याचा दवाखाना. कोनाड्यात तंबाखूच्या डबीशेजारी पेनिसिलिनची बाटली, आठ दिवसांपूर्वी विरघळवून ठेवलेली. पुरवून पुरवून वापरायचा बिचारा. स्टोव्हवर सुई उकळताना म्हणायचा, ‘कुछ नै होता बेटी, मुंगी चावंगी बस.’ चार दिवस सुया टोचल्या आणि पाचव्या दिवशी शेवंता गेली. देव टाकले त्याचं फळ, असं सगळं गाव म्हणालं. पुढे कॉलेजात भीमराजने पुस्तकात वाचलं की विरघळवलेलं पेनिसिलिन उन्हाळ्यात किती दिवस टिकतं, तेव्हा तो वाचनालयातून उठून बाहेर गेला होता. देवाने नेली नव्हती. औषध मेलेलं होतं. त्या दिवसापासून त्याला ह्या कामाचं वेड लागलं.

‘माय,’ तो म्हणाला, ‘बाबूलालला ठाऊक होतं का गं, औषध मेलेलं हाय म्हणून?’

मायचे हात थांबले नाहीत. ‘आदी न्हाई. मागनं कळलं त्याला.’

‘तुला कसं ठाऊक?’

‘सांगितलं की त्यानं. शेवंताला मातीत ठिऊन आलाव, आन् हा दारात हुबा. समदी माणसं बसलेली. म्हणला, नरसिंग, माझी बाटली शिळी हुती. तुझ्या लेकीला मी पाणीच टोचलं. तुझ्या पोराला बी तसाच ताप हाय, त्याला घिऊन आळंदला पळ, नवी बाटली फोडून घे. तुझा बाप दगड घिऊन त्याच्यावर धावला. मग तुझ्याकडं बघितला, आन् दगड टाकून तुलाच खांद्यावर घेतला.’

भीमराजच्या हातातली शेंग तशीच राहिली. आपल्याला ताप आला होता हे त्याला आठवत होतं. बापाच्या खांद्याचा घामट वास, उलटं हलणारं आभाळ, एवढंच. कुणाच्या शब्दाने आपण त्या खांद्यावर गेलो हे ह्या वयापर्यंत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ‘मग बाबूलालचं काय झालं?’

‘काय हुणार? लोकांनी पत्रे फोडले त्याचे. गेला बायकापोरं घिऊन. कुठं गेला, जगला का मेला, कुणाला ठाऊक.’ तिने सुपातली टरफलं फुंकली. ‘समदं गाव म्हणायचं देवानं नेली, देवानं नेली. कान किटले माझे. मला त्या बाबूलालचंच बरं वाटायचं. येवढ्या माणसांत एक जण तर म्हणला, माझं चुकलं.’

‘मला कधी सांगितलं न्हाईस.’

‘तू कवा इचारलास?’ माय म्हणाली, आणि पोटात कायतरी दुखायलंय का, असं बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. तो उठून ओढ्याकडे गेला. ओढ्याला पाणी नव्हतं. तिथे बसल्यावर त्याला बाबूलालचा राग आला. इतकी वर्षं त्याचा राग यायचा तो औषधासाठी. आज आला तो त्याने बोलून दाखवल्याबद्दल. गप्प बसला असता तर बायकापोरं घेऊन तिथेच राहिला असता. आणि आपण? आपण ह्या ओढ्याकाठी शेवंताशेजारी असतो, आणि तीस नळ्यांवर बारीक सही करायला कुणीच नसतं. हे सगळं त्याला अगदी लख्ख कळत होतं, आणि तरी सोमवारी सरांपुढे जाऊन उभं राहायचं ह्या नुसत्या कल्पनेने त्याला तिथून उठवत नव्हतं. आपण भित्रे आहोत. साधं, सरळ, भित्रे.

तो सोमवारही गेला. पुढचा आठवडा गेला. पाच डिसेंबरला तीन आठवडे भरले. चारही साधे तुकडे हिरवे होते. त्रेचाळीसला तर नवा फुटवा आला होता. भीमराजने दोन बरण्या दोन हातांत घेतल्या आणि सरांच्या खोलीत गेला. सर बॅग भरत होते. उद्याचं तिकीट टेबलावर, इस्त्रीचं धोतर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

‘ह्ये काय आणलास?’

‘साधे तुकडे सर.’

सरांनी बरणी घेतली. खिडकीकडे धरली. ‘हिरवे हायेत की रे.’

‘व्हय.’

‘तू तर मेले म्हणलास.’

‘ठेवलेच नव्हते सर. खोटं बोललो. हे मागनं ठेवले. औषध मेलंय. दसऱ्याला फ्रीझर बंद होता दोन दिस, नळ्या उन्हात पडल्या. त्या चाळिसांत काय बी न्हाई. साधीच तूर हाय ती.’

बोलून झालं. इतके दिवस डोंगर वाटत होतं ते आठ-दहा वाक्यांत संपलं, आणि हलकं वगैरे काही वाटलं नाही. सर खाली बसले. रस्त्यावरून दालमिलचा ट्रक गेला, काचा थरथरल्या. ‘फ्रीझर कुणी बंद केलता?’ सरांनी विचारलं. खिडकीतून अंगण दिसत होतं. बंडेप्पा रबरी नळी घेऊन झेंडूच्या वाफ्याला पाणी घालत होता. एक नाव घेतलं की काम होत होतं. सात वर्षांची वाट बघणं त्या नावाबरोबर गेलं असतं. आणि ट्रस्टी खुर्चीत रेलून म्हणाले असते, बघा, शेवटी ह्याने पूजेवरच ढकललं. ह्यातल्या कशाला तो जास्त भ्याला, बंडेप्पाच्या पोटाला की त्या हसण्याला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

‘मी,’ भीमराज म्हणाला.

सरांनी वर बघितलं. खूप वेळ बघितलं. आणि त्या बघण्यात भीमराजच्या एकदम लक्षात आलं की नवमीला संध्याकाळी पूजेला सर हजर असणार. बंद फ्रीझरवर पहिलं फूल दरवर्षी तेच वाहत. बंद केलेल्या बटणाशेजारी, खिडकीतल्या नळ्यांसमोर ते आरतीला उभे असणार. मेले, हा एक शब्द त्या दिवशी त्यांनी इतक्या चटकन का उचलून घेतला, पुन्हा एकदा दाखव असं का म्हणाले नाहीत, हे त्याला आता कळलं. फ्रीझर कुणी बंद केला आणि औषध कसं मेलं हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्याला ठाऊक आहे. सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, मागच्या वर्षीसारखाच. ‘बरं,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘मार्चला मी जाणार. आजून चार दिस थांबला असतास तर...’ पुढचं त्यांनी गिळलं. तिकीट उचलून त्याची घडी घातली, घडीवर घडी. ‘ट्रस्टींला कायतरी सांगावं लागतंय भीमराज. तुझी शिष्यवृत्ती आता चालायची न्हाई. जायच्या आदी त्या बरण्या तेवढ्या शिजवून टाक. नियम हाय.’

नियम होताच. जनुक घालायचा प्रयत्न झालेलं काहीही जिवंत बाहेर टाकायचं नसतं; वाफेच्या मोठ्या पिंपात शिजवून मगच फेकायचं. ऑटोक्लेव्ह मोरीशेजारी होता. भीमराज मांडणीवरून बरण्या आणत होता आणि बंडेप्पा आत लावत होता, चार-चारच्या ओळीत, हलक्या हाताने. हिरवे गोळे काचेतून बाहेर बघत होते. इतकी चांगली वाढलेली तूर ह्या खोलीत कुणी बघितली नव्हती.

‘जित्तेच घालायलाव साहेब?’

‘व्हय.’

‘समदे?’

‘समदे. चव्वेचाळीस.’

बंडेप्पाने शेवटची बरणी हातात धरली, फिरवून बघितली, आणि ठेवली. पेढे त्यानेच आणले होते. ‘राग यिऊ देऊ नका साहेब,’ तो हळूच म्हणाला, ‘पर मला ऱ्हाऊन ऱ्हाऊन वाटतंय. नवमीला तुमी गावी जायच्या बदली हितं थांबला असताव ना, तर ह्ये झालं नसतं.’

भीमराजने त्याच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, टोमणा नव्हता. सात वर्षांच्या पूजेवरचा विश्वास होता, आणि खरोखरीचं वाईट वाटणं होतं. पलीकडे फ्रीझर गुरगुरत होता, मुठीवरचं कुंकू अजून पुरतं गेलं नव्हतं.

‘व्हय बंडेप्पा अण्णा,’ तो म्हणाला, ‘मी थांबाय पाहिजे होतं.’

मग त्याने पिंपाचं झाकण ओढलं, कडेचे सगळे खटके एकेक करून आवळले, आणि ह्या खेपेला बटण स्वतःच्या हाताने दाबलं.